चाळीस हर्ट्झची किंमत

१९३१ साली अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये सिव्हियन, डन आणि व्हाइट या तीन संशोधकांनी सिंफनी ऑर्केस्ट्रा मोजून काढला. वाद्य पूर्ण जोरात वाजतं तेव्हा त्यातून किती वॅट ध्वनी हवेत जातो, हे त्यांना हवं होतं. त्यांनी काढलेले आकडे ध्वनिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत अजून छापले जातात. क्लॅरिनेट ०.०५ वॅट. बासरी ०.०६. ट्रम्पेट ०.३. पियानो कितीही दणकून वाजवला तरी ०.४. ट्रोम्बोन ६ वॅटपर्यंत चढतो, पाइप ऑर्गन १३ च्या आसपास जातो. आणि ३६ इंच व्यासाचा बेस ड्रम एका टोल्यासरशी जवळपास २५ वॅट!

पंचाहत्तर वादकांचा सबंध ऑर्केस्ट्रा अगदी टिपेला पोचतो तेव्हा त्याचा एकूण ध्वनी भरतो ७० वॅटच्या घरात. आपल्या घरातला जुन्या पद्धतीचा छताचा पंखा साधारण ७५ वॅट वीज खातो. ज्या गर्जनेने नाट्यगृह भारून जातं, अंगावर काटा येतो, तिच्यात एक पंखा फिरवण्याइतकीही ताकद नसते. त्या ७० च्या शिखराशेजारी एकट्या बेस ड्रमचं शिखर ठेवून पाहिलं, तर ते एक तृतीयांशाहून उंच भरतं. ऑर्केस्ट्रातल्या सर्वांत कमी वाजवणाऱ्या वादकांपैकी हा एक. शे-दीडशे बार हातावर हात ठेवून बसायचं, मग एक टोला, पुन्हा शांत. पण त्या एका टोल्याची बरोबरी करायला पाचशे क्लॅरिनेट लागतील. त्याच मोजमापात व्हायोलिनच्या अगदी हळुवार सुराचीही नोंद आहे: ०.०००००३८ वॅट. बेस ड्रमचा कडक टोला त्याच्या ६५ लाख पट भरतो.

मग तो बाकी सगळ्यांना गिळून का टाकत नाही? पाचशे क्लॅरिनेट एकदम वाजले तर शेजारचा माणूस काय बोलतोय ते कळणार नाही. बेस ड्रम मात्र तंतुवाद्यांच्या तळाशी असा मिसळतो, की नवख्या श्रोत्याला तो वाजला हेही कधी कधी उमगत नाही.

याचं उत्तर आपल्या कानात आहे, आणि ते शोधणारा माणूसही बेल लॅबोरेटरीजचाच. हार्वे फ्लेचर. १९३३ मध्ये त्याने मन्सन या सहकाऱ्याबरोबर एक आलेख प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या कंप्रतांचे आवाज माणसाला सारखेच मोठे वाटायचे असतील, तर प्रत्यक्षात प्रत्येक आवाज किती जोराचा असावा लागतो, याचा तो आलेख. पुढे अनेकांनी तो सुधारला आणि आज त्याचं आंतरराष्ट्रीय मानक झालं आहे. त्या वक्ररेषांवर बोट ठेवलं की बेस ड्रमची सगळी कहाणी उलगडते. एक हजार हर्ट्झचा स्वर ४० डेसिबेलवर सहज ऐकू येतो, शांत खोलीतल्या बारीक आवाजासारखा. चाळीस हर्ट्झचा स्वर तेवढाच मोठा वाटावा, तर तो जवळपास ८३ डेसिबेलवर न्यावा लागतो. फरक साधारण साडेबेचाळीस डेसिबेलचा. डेसिबेलची मोजणी गुणाकाराची असल्याने हा फरक म्हणजे सुमारे १८ हजार पट ऊर्जा.

अठरा हजार पट! मोठ्या बेस ड्रमचा मूळ स्वर साधारण याच चाळीस हर्ट्झच्या आसपास असतो. कानाने तिथलं दार जवळजवळ लावून घेतलं आहे आणि बेस ड्रम बाहेरून ते ठोठावतो आहे. २५ वॅटचा खर्च त्याला परवडतो म्हणून नाही, त्याच्याकडे दुसरा मार्गच नसतो म्हणून होतो. कान आत घेतो त्यातला कणभर, बाकीचा आवाज छातीला, खुर्चीच्या पाठीला, तळपायाखालच्या फळ्यांना जाणवतो. माझ्या मते हे वाद्य समजून घ्यायचं असेल तर त्याचा मोठेपणा आधी बाजूला ठेवावा आणि ते किती प्रतिकूल जागी वाजतं ते पाहावं.

जागा प्रतिकूल आहे ती हवेमुळेही. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो. चाळीस हर्ट्झच्या एका लाटेची लांबी त्या हिशेबाने साडेआठ मीटर होते, अठ्ठावीस फूट. ड्रमचा व्यास तीन फूट. स्वतःच्या नऊपट लांबीची लाट त्याला उठवायची आहे. लाटेच्या मानाने वाद्य लहान असलं की हवा दाबली जाण्याऐवजी कडेने निसटते, त्यामुळे ढकलायची हवा प्रचंड वाढते. चार हजार हर्ट्झच्या स्वराचा जो दाब दूरवर पोचतो, तोच दाब चाळीस हर्ट्झला हवा असेल तर लहान उगमाला दहा हजार पट हवा हलवावी लागते. म्हणून पिकोलो खिशात मावतो आणि बेस ड्रमला चाकांची चौकट लागते.

मोठा पडदा हवा, या गरजेने काही माणसांना झपाटून टाकलं. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या बँडने लीडी कंपनीकडून एक अवाढव्य ड्रम बनवून घेतला. लगेच १९२२ मध्ये शिकागो विद्यापीठासाठी कॉन कंपनीने ‘बिग बर्था’ उभा केला: पडद्याचा व्यास ८ फूट, वजन ५०० पौंडांहून जास्त, म्हणजे सव्वादोनशे किलोंच्या वर. ३६ इंची ड्रमच्या शेजारी तो ठेवला तर व्यास पावणेतीन पटही नाही, पण क्षेत्रफळ सातपट. पुढे शिकागो विद्यापीठाने फुटबॉल सोडून दिला आणि हा ड्रम स्टॅग फील्ड या मैदानाच्या गॅलरीखाली धूळ खात पडला. २ डिसेंबर १९४२ रोजी त्याच गॅलरीखाली एन्रिको फर्मी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी-अभिक्रिया घडवली. ड्रमला किरणोत्साराची बाधा झाली, तो स्वच्छ करावा लागला. १९५५ मध्ये हॅरल्ड बर्ड या उद्योजकाने तो अवघ्या एका डॉलरला घेतला आणि टेक्सास विद्यापीठाच्या लाँगहॉर्न बँडला दिला. अणुयुगाचा जन्म इतक्या जवळून पाहिलेलं दुसरं वाद्य मला माहीत नाही.

पण नुसता आकार वाढवून संगीत होत नाही. कानाच्या त्या वक्ररेषांमध्ये आणखी एक गोष्ट दडलेली आहे, आणि मला ती या सगळ्या प्रकरणातली सर्वांत अद्भुत वाटते. एक हजार हर्ट्झचा स्वर सोळापट मोठा वाटावा, तर सर्वसाधारण नियमाप्रमाणे तो ४० डेसिबेलने वाढवावा लागतो. ऊर्जा दहा हजार पट. चाळीस हर्ट्झला मात्र वक्ररेषा एकमेकींच्या जवळ येतात. तिथे तोच सोळापटीचा अनुभव सुमारे २३ डेसिबेलमध्ये मिळतो, म्हणजे ऊर्जा दोनशे पटही लागत नाही. इतरांना दहा हजार, याला दोनशेच्या आत! दार उघडायला अवघड, पण एकदा किलकिलं झालं की भसकन उघडतं. म्हणून बेस ड्रमवादकाच्या मनगटातला जरासा फरक सभागृहाला भूकंपासारखा वाटतो. हातातला गोळा किती जड, पडद्याच्या मध्यापासून किती दूर मारायचा, दुसऱ्या हाताने किंवा गुडघ्याने नाद कधी दाबायचा, यावर ही माणसं वर्षानुवर्षं मेहनत घेतात ती यासाठीच.

युरोपीय संगीतात हे वाद्य आलं तुर्की सैन्याच्या मेहतेर बँडमधून. तिथला दावुल एका बाजूने जाड काठीने आणि दुसऱ्या बाजूने बारीक छडीने वाजतो. मोझार्टने १७८२ च्या आपल्या तुर्की विषयावरच्या ऑपेरात, हायडनने १७९४ च्या ‘मिलिटरी’ सिंफनीत, बीथोव्हनने १८२४ च्या नवव्या सिंफनीच्या अखेरच्या भागात तो रंग वापरला. तोवर बेस ड्रम म्हणजे झांजा आणि ट्रँगलसोबतचा लष्करी थाट. १८३७ मध्ये पॅरिसच्या इनव्हॅलिड्स चर्चमध्ये बर्लिओझचा ‘रेक्विएम’ झाला. त्याची स्वरलिपी मागते १६ टिंपनी, १० जोड झांजा, ४ टॅम-टॅम. आणि बेस ड्रम? फक्त २. आकड्यांचा एवढा सोस असलेल्या बर्लिओझनेही इथे हात आखडता घेतला.

व्हेर्डीने त्याहून कमी साहित्यात जास्त साधलं. मान्झोनी या लेखकाच्या स्मृतीसाठी लिहिलेला त्याचा ‘रेक्विएम’ २२ मे १८७४ रोजी मिलानच्या सान मार्को चर्चमध्ये पहिल्यांदा झाला. त्यातल्या कयामतीच्या दिवसाच्या भागात सगळा ऑर्केस्ट्रा ताडकन एक स्वरमेळ आदळतो आणि थांबतो; त्या रिकाम्या जागेत बेस ड्रम एकटा कोसळतो. पुन्हा ऑर्केस्ट्रा, पुन्हा रिकामी जागा, पुन्हा ड्रम. झाकायला दुसरं काहीच नसताना तो ऐकू येतो. शिवाय व्हेर्डीने स्वरलिपीत सूचना लिहिली आहे, की ड्रमच्या दोऱ्या चांगल्या आवळाव्यात, म्हणजे हा टोला कोरडा आणि खणखणीत येईल. यामागचं गणित मांडून पाहण्यासारखं आहे. आदर्श पडद्याचा ताण दुप्पट केला, की ४० हर्ट्झचा स्वर ५६ च्या आसपास चढतो. एवढ्या चढण्यानेच कानाची मागणी सुमारे ७ डेसिबेलने, म्हणजे पाचपट खाली येते. व्हेर्डीच्या हाती कोणताही आलेख नव्हता. कान होता, आणि तो पुरला.

माहलरचं उदाहरण अगदी उलट टोकाचं. १९०८ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉटेलच्या खिडकीतून त्याने अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याची अंत्ययात्रा पाहिली. मिरवणूक खाली थांबली आणि कापडाने झाकलेल्या ड्रमवर एकच टोला पडला. दोन वर्षांनी लिहायला घेतलेल्या आणि अपुऱ्या राहिलेल्या दहाव्या सिंफनीत तोच बुजवलेला टोला आला.

असा टोला तबकडीवर उतरवणं हे विसाव्या शतकातलं मोठं दुखणं होतं. १९२५ पूर्वी विजेचं ध्वनिमुद्रण नव्हतं. वादक कर्ण्यासमोर वाजवत आणि त्याच हवेच्या धक्क्याने सुई मेणावर रेघ ओढी. चाळीस हर्ट्झ त्या कर्ण्याच्या आवाक्याबाहेर. जुन्या जाझ तबकड्यांवर म्हणून कित्येकदा बेस ड्रम ऐकूच येत नाही. त्या काळचा ताल आपल्याला निम्माच माहीत आहे. एलपी आली तरी अडचण सुटली नाही, कारण खालचा स्वर खोबणीत मोठी वळणं घेतो आणि शेजारच्या खोबणीत घुसतो. १९५४ च्या मानकानुसार ५० हर्ट्झचा आवाज कापताना सुमारे १७ डेसिबेलने, म्हणजे पन्नासपट दाबायचा आणि वाजवताना पुन्हा तेवढाच उचलायचा असं ठरलं. १९७८ मध्ये टेलार्क कंपनीने क्लीव्हलंडमध्ये फ्रेडरिक फेनेलच्या संचलनाखाली होल्स्टच्या बँडरचना डिजिटल पद्धतीने टिपल्या. त्यातल्या बेस ड्रमने हाय-फाय शौकिनांची झोप उडवली. लोक संगीताआधी ड्रम ऐकायला ती तबकडी लावत.

इकडे ड्रमचा मुक्काम कधीच पायाशी हलला होता. १९०९ मध्ये शिकागोच्या लुडविग बंधूंनी चपळ पेडल बाजारात आणलं आणि बेस ड्रम, स्नेअर, झांजा सांभाळणारी दोन-तीन माणसं एका खुर्चीत मावली. हा बदल केवढा, ते मोजून पाहावं. सिंफनीतला बेस ड्रम एका संध्याकाळी पाच-पंचवीस टोले देत असेल. १९७३ च्या सुमारास फिलाडेल्फियाच्या अर्ल यंगने प्रत्येक मात्रेला किक मारत डिस्कोचा ठेका घडवला. मिनिटाला १२० मात्रांचा वेग धरला, तर तासाला ७,२०० टोले. सहा तासांच्या रात्रीत ४३,२००. दर शनिवारी नाचणारा माणूस वर्षाला साडेबावीस लाख टोले छातीवर झेलतो.

त्यातले बहुतेक टोले आज कुठल्याच पडद्यावर पडत नाहीत. १९८० मध्ये रोलँड कंपनीने टीआर-८०८ हे यंत्र आणलं. त्यात बेस ड्रम म्हणजे ५० हर्ट्झच्या आसपास थरथरून विझणारा एक विद्युतमंडल. खप झाला अवघा बारा हजारांचा, आणि १९८३ मध्ये उत्पादन थांबलं. इतक्या थोड्या यंत्रांमधून बाहेर पडलेला हा ‘बूम’ हिप-हॉपपासून आजच्या हिंदी-मराठी रीमिक्सपर्यंत सगळीकडे पोचला आहे. त्याचा नाद लांबवर रेंगाळू शकतो, कारण मिनिटाला १२० मात्रांच्या वेगात दोन टोल्यांमध्ये अर्धा सेकंद असतो आणि तेवढ्यात ५० हर्ट्झच्या पंचवीस लाटा बसतात. एक्स्ट्रीम मेटलमध्ये दोन पायांनी सेकंदाला १६ टोले पडतात. चाळीस हर्ट्झच्या तिथे अडीचच लाटा मावतात, पुढचा टोला येतोच. म्हणून मेटलचे ध्वनिमुद्रक खालचा स्वर छाटतात आणि गोळा पडद्याला लागतानाचा टकटक आवाज वर काढतात. वेग हवा असेल तर खोली सोडावी लागते. यात कोणाच्या कौशल्याची उणीव नाही, लाटेची लांबीच आडवी येते.

खऱ्या ड्रमचा टोला ऐकायला मुंबईत एनसीपीएमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या कार्यक्रमाला जावं. २५ वॅटचं तेच काम स्पीकरकडून करून घेतलं की आकडे बिघडतात. साध्या स्पीकरची कार्यक्षमता एक टक्क्याच्या आसपास, त्यामुळे हवेत २५ वॅट सोडायला २,५०० वॅट वीज ओतावी लागते. मिरवणुकीच्या ट्रकवर स्पीकरची भिंत उभी राहते आणि मागे जनरेटर धडधडतो, तो या गणितामुळे.

आपल्या ढोलपथकाचा हिशेब वेगळा. एका ढोलाचे शंभर ढोल झाले, की आवाज २० डेसिबेलने वाढतो. मधल्या स्वरांच्या नियमाने तो चौपटच मोठा वाटायला हवा. पण ढोलाची धूम खालच्या पट्टीतली, तिथे वक्ररेषा दाट. टिपरं एकसाथ पडतात आणि समोर उभ्या माणसाला चौपटीपेक्षा कितीतरी जास्त भरून येतं. ताशा अगदी उघड्या कानावर कडकडतो, त्याला एवढ्या संख्येची गरज नाही. पथकात ताशे कमी आणि ढोल जास्त असतात, त्याला या कानाचा मोठा आधार आहे.

आणि इथेच एक गोष्ट मला अस्वस्थ करते. आपल्या देशातले २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेलची मर्यादा घालतात, पण ती ‘ए’ मापनावर. हे मापन फ्लेचर-मन्सनच्या ४० डेसिबेलच्या वक्ररेषेवरून, म्हणजे हळू आवाजाच्या वेळी कान कसा ऐकतो त्यावरून बेतलेलं आहे. त्यात ४० हर्ट्झच्या आवाजातून साडेचौतीस डेसिबेल वजा होतात. हळू आवाजाला ते रास्तच. पण मोठ्या आवाजाला कान खालच्या स्वरांसाठी किती झपाट्याने उघडतो ते वर आलंच आहे. शिवाय जाड भिंती आणि बंद खिडक्या वरचे स्वर अडवतात, खालचे सोडून देतात; साधारण नियम असा, की कंप्रता निम्मी झाली की भिंतीची अडवणूक ६ डेसिबेलने घटते. गल्लीपलीकडच्या घरात गाणं पोचत नाही, नुसती धडधड पोचते ती त्यामुळे. आजारी माणसाच्या, तान्ह्या मुलाच्या खोलीत शिरते ती नेमकी तीच, आणि मापक तिलाच सर्वांत कमी गुण देतो.

ध्वनिमापकावर ‘सी’ नावाचं दुसरं मापनही असतं. ते ४० हर्ट्झला फक्त दोन डेसिबेल वजा करतं. खिडकीबाहेर चाळीस हर्ट्झचा १०० डेसिबेलचा आवाज चालू असेल, तर ‘ए’वर काटा ६५ दाखवेल आणि ‘सी’वर ९८. मिरवणुकीच्या मार्गावर मोजमाप होतं तेव्हा दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहिले जावेत. त्याला नवं यंत्र लागत नाही. चांगल्या ध्वनिमापकांवर ही सोय आधीपासूनच असते.